अकरा वाघरी जमीन

बांधाचं भांडण साधारणपणे दोन शेजाऱ्यांत होतं. आमच्याकडचं मी एकट्यानं केलं. समोरचा माणूस भांडायला तयार नव्हता, माझे वडील तयार नव्हते, आणि माझी बायको तर समोरच्याच्या बाजूनं भांडत होती. तरीही मी ते जवळजवळ दीड महिना रेटलं. आज मुलांना हे सांगायला बसलो की त्यांना माझ्या चिकाटीचं कौतुक वाटावं अशी माझी अपेक्षा असते. ती हसतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिशीच्या आतला, बारामतीत एका हायस्कुलात गणित शिकवायचो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, एक सेकंडहँड लुना आणि आपल्याला जगातलं सगळं क्षेत्रफळ काढता येतं हा विश्वास, एवढा माझा संसार. जमीन मात्र इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या अलीकडं. तिथं माझे वडील एकटेच राहत. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही. आई मी शिकत असतानाच गेली होती. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी भिगवणची एसटी पकडायचो आणि भिगवणला गाडी बदलून दुपारी शेतावर पोचायचो.

त्याच सुमाराला लोणी देवकरला कारखान्यांसाठी जागा घेतली गेली होती आणि आसपासच्या लोकांची भाषाच बदलली. एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलायला लागली, गुंठ्यात बोलणारी फुटात. मी शिकलेला असल्यामुळे इंचावर आलो होतो.

आता आमच्या जमिनीचं माप सांगायला हवं. आमचं घराणं मूळचं मेंढरांचं. आजोबांची अर्धी हयात कळपामागं गेली. मेंढरं कोंडायला सुताची जाळी खुंट्यांना ताणून उभी करतात, तिला वाघर म्हणतात. आजोबा शेतीत स्थिरावले तेव्हा त्यांना एकर कळत नव्हता, गुंठा कळत नव्हता. वाघर कळत होती. त्यांनी रानाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या उभ्या दगडापासून शेजाऱ्याच्या बांधापर्यंत वाघरीनं मोजलं आणि घरात सांगून ठेवलं, अकरा वाघरी. हा आकडा मी पाढ्यांच्या आधी शिकलो. पुढं मेंढरं गेली, कुत्री गेली, आणि एक शेवटची वाघर गोठ्याच्या आढ्याला गुंडाळी करून लटकत राहिली. तिच्यात चिमण्या घरटं करायच्या.

बांधापलीकडची जमीन तात्यांची. तात्या रेल्वेत होते. रूळ सरळ ठेवणाऱ्या टोळीत लागले आणि त्याच टोळीचे मुकादम म्हणून रिटायर झाले. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म स्वीकारला होता, आणि स्वतः अंगठा देणारे असून पोरांना शाळेत घातलं होतं. तात्यांची नोकरी सगळी दौंडच्या बाजूला, राहणं क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायला मुदत मिळते, ती जूनच्या अखेरीला संपत होती. तोवर शेतात दोन खोल्या उभ्या करायच्या आणि त्यांनी व माईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, तिथं राहायला यायचं, असा बेत होता.

त्यासाठी तात्या रोज सकाळच्या पॅसेंजरनं भिगवणला उतरायचे आणि सायकलवरून शेतावर यायचे. दुपारी ते आणि आबा बांधावरच्या लिंबाखाली डबे सोडून बसायचे. तात्यांच्या डब्यात माईंच्या हातचं असायचं, आबांच्या फडक्यात आबांच्याच हातचं. त्यामुळं आबा डबे बदलून घेण्याच्या बाबतीत फार उदार होते.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी पोचलो तेव्हा बांधाला अगदी लागून पांढरी फक्की मारलेली होती आणि पायाचे चर खणून झाले होते. तात्यांनी तीच जागा का धरली हे कुणीही सांगितलं असतं. त्यांचं बाकीचं रान काळ्या मातीचं. काळ्या मातीवर भिंत उभी केली की दोन उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढी भेग पडते. वरच्या कोपऱ्यातला हा एक पट्टा तेवढा मुरमाचा, कठीण. पूर्वी तिथं त्यांचं खळं होतं.

पण मला त्या वेळी मुरूम दिसला नाही. मला आमच्या शाळेतले पिंपळीचे सर दिसले. त्यांचा बांधाचा दावा अकरा वर्षं चालू होता आणि त्या जोरावर ते आमच्या शिक्षकांच्या खोलीतले कायदेपंडित झाले होते. ते म्हणायचे, "शेजारी पहिलं काम काय करतो? हसून बोलतो. दुसरं काम, पाया काढतो."

तात्या माझ्याकडं बघून हसले. "या मास्तर. बघा, जमतंय का?"

माझी खात्रीच पटली.

रविवारी सकाळी तात्या यायच्या आत मी गोठ्याचं आढं गाठलं आणि वाघर खाली काढली. आबा म्हशीचं शेण भरत होते.

"चिमण्या हुसकावू नगंस," ते म्हणाले. "काय कराय लागलाय?"

"मोजणार आहे. अकरा वाघरी होतायत का बघतो."

"कशापायी?"

"एक टोक धरा."

आबांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि टोक धरलं. मी शाळेतून टेप आणला होता. वाघर जमिनीवर पसरली आणि दुसऱ्या टोकाला मी तिला ताणली. गणित शिकवणारा माणूस माप ढिलं कसं घेईल? पाय रोवून, दोन्ही हातांनी, रस्सीखेचीत ओढतात तशी ओढली. एक वाघर भरली साडेबावीस फूट. अकरा वाघरी म्हणजे दोनशे साडेसत्तेचाळीस. मग ओढ्याच्या दगडापासून टेपनं मोजत आलो. बांध आला, बांध ओलांडला, आणि माझं माप तात्यांच्या चरात तीन फूट आत जाऊन पडलं.

"तीन फूट!" मी म्हटलं. "तीन फूट जागा खाल्लीय आपली."

आबा चराच्या काठावर उभे राहून आत बघत होते. "लेका, वाघर किती वडायची ते मेंढरं ठरवत्यात. मेंढरं लई असली तर वडायची, कमी असली तर सैल सोडायची. तुझ्याकडं किती मेंढरं हायेत?"

"माप म्हणजे माप, आबा."

"बरं. पर आदी माझं ऐक. ही बांधाची जी..."

"तोंडी नको. कागद आहे का?"

"कागद न्हाय," ते म्हणाले आणि पुन्हा शेण भरायला गेले.

हे वाक्य मी आजही स्वतःला अधूनमधून ऐकवतो. तोंडी नको, कागद आहे का. बापाला म्हणालो होतो.

तात्या आले तेव्हा मी त्यांना चरापाशी नेऊन माझा हिशोब मांडला. तेही गडी शांत. त्यांनी एक डोळा मिटला, रूळ बघतात तसं बांधाच्या रेषेत बघितलं, आणि म्हणाले, "तीन फूट म्हंताय?"

"तीन फूट."

"कशानं मोजलं?"

मी जरा अडखळलो. "वाघरीनं."

तात्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी लिंबाच्या झाडाकडं बघितलं. काहीतरी बोलणं झालं त्या दोघांत, पण आवाज झाला नाही.

"आसं करूया मास्तर," तात्या म्हणाले. "सरकारी मोजणी मागवा तुमी. तवर काम थांबवतो मी. कागद यील तसं करू."

"तुमचं काम अडेल."

"आडंल की. पर भितीवर भांडान चढवण्यापरीस आडल्यालं बरं."

मला वाटलं, घाबरला माणूस. दोन गवंडी होते, ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर निघून गेले. चर तसेच उघडे पडले. तात्या तरीही रोज यायचे, दुपारी आबांबरोबर जेवायचे, चराच्या कडा ढासळल्या असतील त्या फावड्यानं नीट करायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. ही बातमी आबा दर शनिवारी मला देत. न विचारता देत.

मी रजा टाकून इंदापूरला गेलो आणि मोजणीचा अर्ज दिला. अर्ज मी स्वतः लिहिला, तीन कच्च्या प्रती करून. "शेजारील खातेदार यांनी अर्जदाराच्या मालकी हद्दीत जाणीवपूर्वक व बेकायदेशीररीत्या अतिक्रमण करून पक्के बांधकामाचा घाट घातला असून अर्जदारास अपरिमित मानसिक क्लेश होत आहेत" असं एक वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं की बारामतीला परत आल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं.

ती कन्हेरीची, शेतकऱ्याच्या घरातली. भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मानसिक क्लेश कुणाला? तुम्हाला?"

"भाषा असते ती अर्जाची."

"मोजणी साधी भरली का तातडीची?"

"साधी."

"साधी म्हणजे दिवाळी. आमच्या चुलत्यांची दसऱ्यानंतर आली होती." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्या माईंना जूनमध्ये क्वार्टर सोडायचंय. मग राहायचं कुठं त्यांनी? तुमच्या दोनशे साडेसत्तेचाळीस फुटांत?"

मी म्हटलं, तो आपला प्रश्न नाही. तिनं मला वाढलं, स्वतःचं ताट घेऊन शेजारच्या खोलीत गेली आणि तिथं बसून जेवली. दोन खोल्यांच्या घरात त्याहून लांब जाता येत नाही. मी पुन्हा इंदापूरला गेलो आणि साधीची तातडीची करून आलो.

मोजणीची नोटीस निघाली. ती आम्हाला आली तशी लगतचे खातेदार म्हणून तात्यांनाही गेली, आणि सोबत माझ्या अर्जाची नक्कल. पुढच्या शनिवारी मी पोचलो तर दोघे लिंबाखाली जेवून सुपारी कातरत बसलेले. तात्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"मास्तर, बरं झालं आला. जरा वाचून दाखवा. माझा चष्मा क्वार्टरवर राह्यला."

चष्मा त्यांच्या दुसऱ्या खिशात होता. त्याची दांडी मला दिसत होती.

काय करणार? वाचायला सुरुवात केली. नोटीस निभावली. मग अर्ज आला. "जाणीवपूर्वक" पर्यंत आवाज ठीक होता. "बेकायदेशीररीत्या" ला तो खाली आला.

"थोडं मोठ्यानं," तात्या म्हणाले. "ह्या कानानं कमी यीतं. इंजनाच्या शिट्ट्यांनी."

"...अतिक्रमण करून पक्के बांधकामाचा घाट घातला असून..."

"घाट?" आबा म्हणाले. "तात्या, तू घाट कवा बांधला?"

"पायाच झाला न्हाय आजून, घाट कुठला? फुडं काय हाय, मास्तर?"

"...अर्जदारास अपरिमित मानसिक क्लेश होत आहेत."

सुपारीचा आवाज थांबला. तात्यांनी गंभीरपणे मान हलवली. "क्लेश म्हंजी तरास ना? मग आसं नगं व्हतं व्हायला. आबा, पोराला दूध वाढवा जरा."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं आणि वाटेनं सरळ ओढ्याकडं निघून गेलो. तिथं अर्धा तास दगडावर बसलो. राग कुणावर काढावा ते सुचेना.

माईंना मी भेटलो तो त्याच्या पुढच्या आठवड्यात. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी बायकोसह शेतावर राहायला आलो होतो. माई त्या दिवशी तात्यांबरोबर गाडीनं आल्या. छोट्या चणीच्या, भरभर बोलणाऱ्या. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या उघड्या चरात उतरल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "मास्तर, हितं चूल. हितं पाण्याचं. आन ह्या बाजूला दार केलं तर सकाळचं ऊन आत येतंय का बघा, तुमी शिकल्यालं हाय."

मी दिशा बघून सांगितलं, येईल.

"व्हय ना? मी हेच म्हनत हुते ह्यांना." त्या चरातच एका दगडावर बसल्या. "तीस वर्सं क्वार्टरात काडली बघा. भितीत खिळा मारायचा तरी सायबाला इचारायचं. घराला नंबर, नळाला नंबर, संडासाला नंबर. बदली झाली की नंबर बदलायचा. आता वाटतं, जितं कुनी नंबर घालनार न्हाय आशा घरात चार वर्सं काडावी." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण कुणाशी बोलतोय. चराची माती हातात घेऊन चुरत त्या म्हणाल्या, "ते सरकारी मानूस येऊन गेला, आन तीन फूट सरकायचं म्हनला, तर मग मुरूम संपतो हो. फुडं काळीच माती लागती. काळ्या मातीत न्हाय टिकत घर."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या मापात मुरूम संपण्याचा रकाना नव्हता, एवढंच. त्या रात्री, नव्हे, त्या अख्ख्या आठवड्यात मला एकच इच्छा होती, की आपलं माप चुकलेलं निघावं. पण ही इच्छा बोलून दाखवायला लागणारं धाडस माझ्याकडं नव्हतं. अर्ज मागं घ्यायचा तर पिंपळीच्या सरांना काय सांगणार?

मोजणीदार आले ते मे महिन्याच्या मध्याला, सकाळच्या एसटीनं. बरोबर तिपाईवरचा फळा, साखळी, झेंडे आणि एक मदतनीस. माणूस उन्हानं रापलेला आणि बोलायला कंटाळलेला. गावाच्या नकाशावरून त्यांनी आधी लांबच्या दोन खुणा धरल्या, मग ओढ्याचा दगड तपासला. रान मोकळं होतं, ज्वारी कधीच निघाली होती, त्यामुळं काम भराभर चाललं. झेंडा धरायचा मान मी मागून घेतला.

"अर्जदार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"क्लेशवाले तुम्हीच का?" एवढं बोलून ते फळ्यावर वाकले.

वरच्या अंगाला खूण पडली. मदतनिसानं खुंटी ठोकली. मी धावत जाऊन बघितलं. खुंटी तात्यांच्या चरात होती. तीन नाही, पण दोन फूट आत होती.

मी बरोबर निघालो होतो! आता आठवलं की लाज वाटते, पण त्या क्षणी आधीचा आठवडा, माई, काळी माती, सगळं विसरून मी झेंडा उंच केला. पहिला पाठ बरोबर म्हटलेल्या पोरासारखं मी आबांकडं बघितलं. आबा खाली बघत होते. तात्यांनी पायातली चप्पल काढून चराच्या कडेला ठेवली आणि आत उतरून खुंटीपासून चराच्या काठापर्यंत वितीनं मोजू लागले. माई लिंबाखाली माझ्या बायकोजवळ बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि माझ्या बायकोनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"चला, खालचं टोक घेऊ," मोजणीदार म्हणाले.

खालच्या टोकाला आमचा गोठा. मी झेंडा घेऊन बांधावर जिथं उभा राहिलो, तिथून मोजणीदार मला हातानं सरकवू लागले. आमच्या बाजूला. अजून. अजून. मी मागं सरकत सरकत गोठ्याच्या भिंतीला टेकलो.

"अजून मागं."

"मागं भिंत आहे साहेब."

"मग आत जा."

मी गोठ्यात गेलो. आत म्हैस रवंथ करत होती. तिच्या पलीकडं, दावणीच्याही पलीकडं गेलो तेव्हा बाहेरून आवाज आला, "तिथंच. थांबा."

साखळी आली. खुंटी गोठ्याच्या दोन तृतीयांश आत ठोकली गेली. मोजणीदारांनी दारातून वाकून बघितलं.

"म्हैस कुणाची?"

"आमची."

"उभी त्यांच्यात आहे."

मी झेंडा खाली केला. वर दोन फूट मिळाले होते, खाली नऊ फूट गेले होते, आणि त्या नऊ फुटांवर आमचा गोठा, दावण आणि कडब्याची गंज होती.

बाहेर आलो. आबा बांधावर टेकले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"आबा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगाय लागलो हुतो. तू कागद मागितला." त्यांनी शांतपणे डोकीवरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "तुज्या आज्याला मेंढरं बसवायला खाली कठीण जागा पायजे हुती. काळ्या रानात पावसाळ्यात मेंढराची खुरं सडत्यात. कठीण जागा तात्याच्या बाची. त्याला खळ्याला वर कठीण जागा पायजे हुती, ती आपली. दोघं हितंच बसले आन बांध तिरका घातला. वर थोडा आपल्यात, खाली थोडा त्यांच्यात. झालं. मंग तुज्या आज्यानं वाघरीनं मोजलं ते बांध घातल्यावर. आकरा वाघरी म्हंजी सैल वाघरी. मेंढरं कमी झाली हुती तवा."

म्हणजे आजोबांचं माप बरोबर होतं, ते बांधापर्यंतच होतं. मी ओढली म्हणून ती वाघर बांध ओलांडून गेली. जुनं सूत इतकं ताणलं जाईल हे मला कुठल्या पुस्तकात मिळणार होतं? आणि मोजणीत दोन फूट निघाले त्याचा माझ्या मापाशी काही संबंधच नव्हता. चुकीच्या रीतीनं उत्तराच्या जवळपास पोचणाऱ्या मुलांना मी शून्य देत असे.

मी तात्यांकडं वळलो. "तुम्हालाही माहीत होतं?"

"बानं सांगितल्यालं."

"मग तुम्ही तरी..."

"मी गोठ्याचं तोंडातनं काडलं असतं तर कसं दिसलं आसतं, मास्तर? तुमी तीन फूट म्हनला म्हनून मी नऊ फूट म्हनलो, आसं झालं आसतं. आबाचा गोठा काय मला पाडायचाय? तुमाला कागदाचं पटतं. म्हनलं, कागदच येऊ दे."

"आणि कागद नुसता वरचाच आला असता तर? खालचं मोजलंच नसतं तर?"

तात्यांनी चराकडं बघितलं. "तर मग पंचाईत हुती," ते म्हणाले.

मोजणीदारांनी फळ्यावरचा नकाशा आम्हाला दाखवला. एक अखंड रेघ होती, तिला छेदून जाणारी एक तुटक रेघ. आबांनी बोट ठेवलं.

"ही तुटक तुटक कसली?"

"वहिवाटीची. अखंड रेघ हद्द. तुटक रेघ म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही जे वापरताय ते."

"म्हंजी आमचा बांध तुटक हाय?"

"कागदावर तुटक, आबा."

आबांनी त्या तुटक रेघेवरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला ती रेघ लगेच ओळखू आली. तिचं वळण, लिंबापाशी घेतलेला बाक, सगळं. मला अखंड रेघेत कुठंच आमचं रान दिसत नव्हतं.

"आता जबाब लिहून द्या," मोजणीदार म्हणाले. "मोजणी मान्य आहे का, आणि हद्दीप्रमाणे ताबा घ्यायचाय का. अर्जदारांनी आधी."

कागद माझ्यासमोर आला. लिंबाखाली माई उभ्या राहिल्या होत्या. लांबून त्यांना काही ऐकू येत नसावं. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या, पेन काय करतंय ते. मी लिहिलं, "मोजणी मान्य आहे." थांबलो. पुढं काय लिहायचं ते माहीत होतं, कसं लिहायचं ते सुचेना. सगळी अर्जाची भाषा कुठं गेली कुणास ठाऊक.

"लिवा," तात्या म्हणाले, "वहिवाट हाय तशी ऱ्हाऊ द्यावी. दोघांचीबी हरकत न्हाय."

मी तेवढंच लिहिलं. तात्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, वाचलं आणि सही केली. आबांनी अंगठा दिला. मग आबांनी स्वतःहून मोजणीदारांना विचारलं, "सायेब, दोघांची आदलाबदल कागदावर कायमची लिवून ठेवता यील का? पुन्हा आमच्या घरात कुनी मास्तर जन्माला आला तर?"

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले. रीतसर अदलाबदलीचा दस्त आम्ही पुढं इंदापूरला जाऊन केला. मी एक शब्दही जास्तीचा लिहिला नाही.

आता वेळ थोडा उरला होता. गेलेले गवंडी परत आणायला मीच लुना काढली. एक जण दोन दिवसांत आला, दुसऱ्यानं तीन दिवस लावले. विटा आल्या, भिंती चढू लागल्या. उन्हाळ्यातलं बांधकाम, भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट जळतं. ते काम मी मागून घेतलं. रोज पहाटे उठून आमच्या विहिरीवरून बादल्या वाहायच्या आणि भिंती भिजवायच्या. तात्या सकाळी यायचे आणि भिंतीला हात लावून बघायचे. "वलं हाय," म्हणायचे. पेपर तपासताना मी बरोबरची खूण करायचो, तसं. एकदा कोपरा कोरडा राहिला होता तर बोलावून दाखवला.

सुट्टी संपून मी बारामतीला परतलो तेव्हा पत्रे चढायचे होते. शाळा सुरू झाली. पिंपळीच्या सरांनी विचारलं, "काय निघालं मोजणीत?" मी म्हटलं, "म्हैस." त्यांना काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही.

जूनचा शेवटचा आठवडा. तात्यांनी क्वार्टरची किल्ली जमा केली आणि सामानाचा टेम्पो शेतावर आणला. आम्ही दोघं रजा काढून गेलो होतो. भिंतींना गिलावा नव्हता, जमिनीला फरशी नव्हती, नुसता चोपलेला मुरूम. पण पत्रे होते, दार होतं. माईंनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हटलं, आबांनी येत नसताना ओठ हलवले. मग खीर झाली. माईंनी मला तीनदा वाढली. "तात्या म्हनले, क्लेशावर गोड बरं आसतं," असं म्हणून.

पुढच्या शनिवारी गेलो तर माई दोन्ही डोळे चोळत आमच्याकडं आल्या. त्यांना झोप लागत नव्हती. तीस वर्षं रुळांच्या कडेला काढलेली. गाड्यांच्या वेळेला दोघंही आपोआप जागी व्हायची, आणि गाडी येतच नाही म्हटल्यावर वाट बघत पडून राहायची. "तात्या उटून बसत्यात," त्या म्हणाल्या. "म्हनत्यात, आज मेल लेट हाय." सांगताना त्या हसत होत्या, पण चेहरा ओढलेला होता. घर मिळालं आणि झोप गेली, असं होऊन बसलं होतं. माझ्या बायकोनं त्यांना आल्याचा चहा करून दिला. आबा नुसते ऐकत होते.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. आबा रोजच्यासारखे दुधाचा तांब्या घेऊन बांध ओलांडून गेले आणि लगेच परत आले. तांब्या तसाच भरलेला. आत माझी बायको भांडी घासत होती, त्यांचा खणखणाट चालला होता, आणि मी नळीचं पाणी बादलीत जोरात सोडलं होतं. आबांनी आधी नळी बाजूला केली. मग आतल्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"हळू," ते म्हणाले. "शेजारी झोपल्यात आजून."